बोटांनी पाहिलेलं पान

मला जन्मापासून दिसत नाही. उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. वडील चिंचोळी एमआयडीसीत कामाला होते, आई दुधनीकडची, आणि आम्ही सोलापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. आठवीपर्यंत मी अंधांच्या शाळेत शिकले. नववीला घराजवळच्या मुलींच्या शाळेत आले. तिथल्या विज्ञानाच्या बाईंबद्दल मला सांगायचं आहे.

एकदा तासाला त्यांनी सूक्ष्मदर्शक मांडला होता. पानाच्या खालच्या बाजूचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवला होता आणि मुली रांगेने येऊन पर्णरंध्रं बघत होत्या. "ओठांसारखं दिसतंय," एक म्हणाली. पाळी माझ्या बाकापाशी आली आणि मला वगळून पुढे सरकली. मला फार वाईट वाटलं असं नाही. अशा तासांची सवय होती. पण तास संपल्यावर बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"आज तुझ्यासाठी माझ्याकडे काही नव्हतं," त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत काहीतरी शोधते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिंपळाची ताजी पानं आणि व्हॅसलीनची डबी आणली. एका पानाला वरून लाव, दुसऱ्याला खालून, तिसरं तसंच ठेव, असं सांगितलं. वरची बाजू गुळगुळीत असते, खाली शिरा हाताला लागतात, त्यामुळे मला ओळखणं अवघड गेलं नाही. देठांच्या तुटलेल्या टोकांनाही व्हॅसलीन लावलं, म्हणजे तिथून पाणी जायला नको. मग पानं दोरीने खिडकीत टांगली. मार्च महिना होता. आमच्याकडे तेव्हाच ऊन चटके देऊ लागतं.

दोन-तीन दिवसांनी बाईंनी ती पानं माझ्या हातात दिली. "वर्गाला सांग, काय झालंय."

काहीच न लावलेलं पान पापडासारखं कडक झालं होतं. वरून लावलेलंही आकसलं होतं, कडा वळल्या होत्या. खालून लावलेलं मात्र अजून मऊ होतं. मी पुन्हा एकदा तिन्ही चाचपली.

"बाई, पाणी खालून जातंय," मी म्हणाले. "वरून जवळजवळ नाहीच."

"बरोबर. तिथंच बहुतेक रंध्रं असतात."

मग वर्गातल्या मुली डोळे मिटून पानांना हात लावायला लागल्या. त्या दिवशी रांग माझ्या बाकापाशी लागली होती.

बाईंनी आणखी एक गोष्ट केली होती. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत मिळतात तसे दोन लांब फुगे घेऊन त्यांच्या आतल्या बाजूंना चिकटपट्टी लावली होती आणि दोन्ही टोकं एकत्र बांधली होती. हवा भरली की फुगे बाहेरच्या अंगाला वाकायचे आणि मधल्या फटीत माझी बोटं शिरायची. हवा सोडली की फट मिटायची. रंध्राच्या दोन बाजूंच्या पेशी अशाच पाण्याने फुगतात आणि पाणी कमी पडलं की सैल होतात, असं त्या म्हणाल्या.

"मग झाड ती बंदच का ठेवत नाही?" मी विचारलं. "पाणी तरी वाचेल."

"आणि खाईल काय? अन्न बनवायला लागणारा कार्बन डायऑक्साइड त्याच फटीतून आत येतो, ऑक्सिजन तिथूनच बाहेर जातो. उघडली तर पाणी जातं, मिटली तर उपासमार. दोन्ही सांभाळून चालावं लागतं त्याला."

घरी येऊन मी हे सगळं आईला सांगितलं. तिने भाकरी थापायची थांबवून ऐकलं. "म्हंजी आपल्यावानीच की," ती म्हणाली. "दुपारी दारं-खिडक्या लावून बसायचं, सांजंला उघडायचं." मग दारातल्या डब्यात लावलेल्या कोरफडीबद्दल तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारून आले: कोरफड आपली रंध्रं बहुतेक रात्री उघडते, गारव्यात हवा घेऊन ठेवते आणि दिवसा मिटून बसते. आईला ते लई आवडलं. पुढच्याच आठवड्यात ती शेंगाचटणी घेऊन शाळेत गेली आणि बाईंच्या हातात डबा देऊन परत आली.

दहावीनंतर मला विज्ञान शाखा हवी होती. एका कॉलेजात सरळ सांगितलं, हिला प्रयोग जमणार नाहीत. दुसऱ्या कॉलेजात बाई स्वतः माझ्याबरोबर आल्या. तिथल्या सरांना म्हणाल्या, "तुम्ही हिलाच काहीतरी विचारा."

सरांनी विचारलं, दुपारी माना टाकलेलं रोप संध्याकाळी पुन्हा ताठ कसं होतं? मी सांगत गेले. दुपारी मुळं जेवढं पाणी ओढतात त्याहून जास्त पानांतून जातं. रंध्रं मिटू लागली आणि ऊन उतरलं, की मुळं तूट भरून काढतात. सरांनी खणातून एक कागद काढून आमच्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "फॉर्म भरून टाका."

आज मी याच शहरात मुलांना विज्ञान शिकवते. बाई निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेल्या आहेत. अधूनमधून त्यांचा फोन येतो. आभार मानायला लागले की त्या विषय बदलतात आणि विचारतात, "या आठवड्यात काय शिकवलंस?" मग मी सविस्तर सांगते. माझे आभार त्या तेवढ्याच वाटेने घेतात, हे मला आता कळलं आहे.