निवटीची जागा

सीवूड्स स्टेशनबाहेर सारसोळ्याची एक मावशी मासळी विकते. नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक कोळंबीला हात लावतं न लावतं तोच ती सांगून टाकते, "आपल्या खाडीची नाय हां, मार्केटची हाय." काहीजण तिथूनच वळतात. वळू देते.

तिच्या खाडीचा काठ भरावाखाली गेला. तिथलं कांदळवन तोडणाऱ्या कंपनीने कुठल्या तरी दूरच्या देशातलं जंगल राखायला पैसे दिले आणि कागदोपत्री स्वच्छ झाली. जंगलतोड थांबावी, धूर कमी व्हावा म्हणून जगाने करार केले. यांनी त्यातूनच पळवाट काढली! त्या संतापापायी मी स्टेशनबाहेर पत्रकं वाटते.

परवा तिला पत्रक वाचून दाखवलं. कोळंबी सोलता सोलता तिने ऐकलं.

"म्हंजे तिकडची झाडं उभी, म्हनून हिकडची तोडली तरी चालतं?"

"त्यांच्या हिशेबात चालतं, मावशी."

"मंग तिकडं निवटी मिलते का, इचार त्यांना." आणि खो खो हसली.

निवटी म्हणजे कांदळवनाच्या चिखलात उड्या मारणारी मासळी. आता तिला ती मिळत नाही.

मला अजून खूप बोलायचं होतं. हात मोकळे करायला मी पत्रकांचा गठ्ठा तिच्या पाटीच्या रिकाम्या कोपऱ्यात ठेवायला वाकले. बाकी पाटी खच्चून भरली, तरी तो कोपरा ती रोज धुऊन तसाच सोडते.

ओल्या हाताने तिने माझं मनगट धरलं.

"तिथं नको ठेवू, बाय. निवटीची जागा हाय ती."