भाजी बंध

आमच्या ह्यांच्या हृदयाची झडप बदलली आणि रक्त पातळ करायची गोळी कायमची मागे लागली. दवाखान्यातून घरी सोडायच्या दिवशी हे बाहेर चाकाच्या खुर्चीत बसलेले, सूचना ऐकायला आत मी एकटी. आहार सांगणारी मुलगी गुजराती आणि घाईत. म्हणाली, "मासी, आ गोळी चाले छे त्यां सुधी भाजी बंध." मी मान डोलावली. जन्म बडोद्यातला माझा, मला कोण गुजराती शिकवणार!

तिथेच माती खाल्ली. गुजरातीत भाजी म्हणजे फक्त पालेभाजी, मेथी-पालक वगैरे, जिच्यामुळे त्या गोळीचा असर कमी होतो. बाकी सगळ्याला शाक म्हणतात. समा भागात आमच्या सोसायटीबाहेर भाजीची हातगाडी उभी राहते, तिथे मीच रोज शाक मागते आणि फाटकातून आत आले की पिशवीत भाजी असते. साठ वर्षांत कधी अडखळले नाही. त्या दिवशी इतकी भेदरले होते की कानांना घरचीच भाषा ऐकू आली. छापील कागदही दिला होता तिने. तो मी इमानेइतबारे फाइलीत लावला, वाचला नाही.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "सगळ्याच भाज्या का गं? नीट विचारलंस ना?"

"हो, विचारलंय! बहिरी आहे का मी?" म्हटलं आणि कुकर लावायला गेले.

सात महिने वरणभात, मुगाची खिचडी, दही-पोळी. फळांशी ह्यांचं आधीपासूनच वाकडं. रिफायनरीत होते तेव्हा डब्यात दोन भाज्या नसल्या तर संध्याकाळी तोंड फुगलेलं असायचं, असा हा माणूस. एकदा भाचा करजणहून कोवळी काटेरी वांगी घेऊन आला. ती मी ह्यांच्या डोळ्यांदेखत शेजारी देऊन टाकली. ह्यांनी पेपराचं पान उलटलं. मला वाटलं, चला, शहाणे झाले एकदाचे.

मग दमायला लागले. सारखं तोंड यायचं, जिना चढताना मध्येच थांबायचे. मी पथ्य आणखी कडक केलं. दुसरं काय करणार होते? माझ्या हातात तेवढंच होतं.

तपासणीला गेलो तेव्हा तीच मुलगी होती. काय काय खातात, तिने विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. तिचं पेन थांबलं. "मासी, शाक पण नहीं? सात महिनाथी?"

अगं बाई! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ती बिचारी समजावत होती, टोमॅटो, गाजर, बीट, वांगं, रंगाचं जे जे असतं त्यातून अँटिऑक्सिडंट मिळतात, हृदयाच्या रोग्याला ती जेवणातूनच मिळायला हवीत. मला एवढंच विचारायचं होतं, की हे दमतात ते माझ्यामुळे का? विचारलं. तिने डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद वरखाली केला. हृदय थोडं अशक्त झालंय म्हणाले, पण कशामुळे ते सांगता येणार नाही. मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा तेच म्हणाले. कुणी माझ्या तोंडावर 'हो, तुझ्यामुळेच' म्हणालं असतं तरी चाललं असतं, निदान रडायला तरी मोकळी झाले असते.

रिक्षात ह्यांना सगळं सांगितलं. हे लहरीपुऱ्याच्या गर्दीकडे बघत राहिले. मी म्हटलं, "ओरडा तरी हो माझ्यावर!" तर म्हणाले, "पदर आत घे, चाकात जाईल."

दुसऱ्या दिवशी वांगं भाजलं. वर टोमॅटो, कांदा, तेलाची बेताची फोडणी. सगळ्या घरात वास सुटला. ताट पुढे ठेवलं तर हे भरिताकडे नुसते बघत बसले. पोळीचा तुकडा मोडला, भरिताला टेकवला आणि तसाच धरून ठेवला.

"हे चालतं ना मला? नीट विचारलंस?"

"हो," मी म्हटलं.

"तेव्हाही हो म्हणाली होतीस."

आवाजात राग असता तर मी भांडले असते. राग नव्हता, ह्यांना भीती वाटत होती. तो तुकडा त्यांनी हळूच वरणात बुडवून खाल्ला आणि भरिताची वाटी माझ्याकडे सरकवली. मी उठले, फाइलीतला कागद काढला आणि त्यांच्या ताटाशेजारी बसून एकेक ओळ मोठ्याने वाचायला लागले. हे मान खाली घालून वरणभात खात होते.