सुनावणीआधीच फुटलेला नारळ

आत्ताच जनसुनावणीहून आलो, डोकं तापलेलं आहे.

आमच्या वस्तीमागच्या मैदानात एका कंपनीला गॅससाठी विहीर खोदायची आहे. परवानगी देण्याआधी सरकारी साहेब आमचे आक्षेप ऐकणार होते, म्हणून आम्ही शेजारीपाजारी समाजभवनात गेलो.

दारातच एकाने हातावर खोबरं ठेवलं. प्रसाद म्हणून मी कपाळाला लावून तोंडात टाकलं. मग विचारलं, "कायचा गा हा प्रसाद?"

"विहिरीच्या भूमिपूजनाचा. सकाळीच झालं नं, भाऊ."

आत शेजारच्या काकू साहेबांना विचारून राहिल्या होत्या, "नारळ फोडून झाला, मग आता आम्हाले काहून विचारता?"

साहेब शांतपणे म्हणाले, "पूजेला परवानगी लागत नाही, ताई."

मग माझी बोलायची पाळी आली. प्रसाद थुंकता येत नाही, आणि तो गिळवतही नव्हता.

तुमच्याकडे तरी आधी विचारतात का गा?