केतकी रंगाची नात

आमच्या घराण्यात आजवर कोणीही गोरं जन्मलेलं नाही. मी तर चांगलीच सावळी. (लग्नाच्या माहितीपत्रकात वडिलांनी ‘गव्हाळ’ लिहिलं होतं. तो गहू त्यांनी कुठे पाहिला देव जाणे!) त्यामुळे माझ्या लेकीची, पल्लवीची, मुलगी आमच्या निजामपुऱ्यातल्या घरी आल्यावर चौथ्या दिवशी सकाळी सोन्यासारखी पिवळीधमक दिसली, तेव्हा मी डॉक्टरांना नाही, शेजाऱ्यांना बोलावलं!

“केतकी रंग आहे, केतकी!” मी सांगत सुटले. “माझ्या आईची आई अशीच होती.”

(तिला मी पाहिलेलंच नाही. फोटोही नाही. म्हणूनच तिचा रंग असा हक्काने वापरता येतो.)

तेवढ्यात वडपे गावाहून विहीणबाई आल्या. बाळाला मांडीवर घेऊन त्यांनी निकाल दिला, “हा आमच्याकडचा रंग हाय. माझा भाऊस असाच पिवळा गोरा.”

“साखरपुड्याला आलेले तेच ना? ते तर माझ्याहून सावळे!”

“गोडावनात माल उतरवून रापला तो. मुळात तसा न्हाय!”

पल्लवी मधेच म्हणाली, “आई, ही सारखी झोपतेय गं. दूधपण नीट पीत नाही.”

“गुणी आहे!” मी म्हणाले.

“आमच्यावर गेलीय,” विहीणबाई म्हणाल्या.

शेजारची शबाना तीन मुलांची आई. मी बोलावलेल्यांत तीही होती. ती बाळावर वाकली आणि म्हणाली, “आंटी, रंग का झगड़ा बाद में करो. आँखें किसके ख़ानदान पे गई हैं? वो भी पीली हैं!”

आम्ही दोघी वाकलो. डोळ्यांतलं पांढरं खरंच पिवळं होतं. पाचव्या मिनिटाला आम्ही सगळ्या रिक्षात!

डॉक्टरबाईंनी बाळाला खिडकीशी नेलं, कपाळावर बोट दाबून उचललं. दाबलेली जागा पिवळीजर्द. मग छाती, मग पोट.

“कावीळ आहे. घरात आणखी कोणाला जन्मल्यावर झाली होती?”

“यांच्याकडे!” मी विहीणबाईंकडे बोट दाखवलं.

“यांच्याकडे!” त्यांचं बोट माझ्याकडे. “यांच्या आईची आईच पिवळी होती. यांनीच सांगितलंय!”

रक्त तपासायला गेलं. मला राहवेना. “पण मॅडम, हा पिवळा रंग येतो कुठून?”

“बाळाच्या तांबड्या पेशी तुटतात, त्यातून पिवळं द्रव्य निघतं. ते निपटायचं काम यकृताचं. ते अजून शिकतंय.”

मी अठ्ठावीस वर्षं शाळेच्या कार्यालयात आहे. “म्हणजे कारकून नवा आणि टेबलावर फायलींचा ढीग!”

“अगदी तसंच. बहुतेक बाळांचा ढीग आपोआप उपसला जातो. फार वाढला तर मात्र मेंदूला धोका.”

“पण ही तर किती गुणी! रडतसुद्धा नाही.”

“आजी, ती गुणी नाही. मलूल आहे.”

मी आवाज खाली आणला. (ही घटना आमच्याकडे दुर्मिळ आहे.) हळूच विचारलं, “कोवळ्या उन्हात धरू का?”

“उन्हाने भागायचं नाही. निळ्या दिव्याखाली ठेवू. आणि दर दोन-तीन तासांनी उठवून दूध पाजायचं.”

दोन दिवस नात डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या उजेडात पडून होती आणि बाहेर काचेला आम्हा दोघी विहिणींची नाकं चिकटलेली. निळा दिवा पिवळा रंग कसा खातो, हे मी नर्सला चारदा विचारलं. पाचव्यांदा तिने मला बाकावर नेऊन बसवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाने भोकाड पसरलं. असं की पल्लवीला दूध पाजायला पळावं लागलं! बाळाचं पोट भरल्यावर विहीणबाईंनी तिला उजेडात धरून नीट न्याहाळलं आणि मोठ्या समाधानाने माझ्या हातात दिलं.

“घ्या ताई. आता अगदी तुमच्यावर गेलीय!”

कावीळ उतरल्याचा तो पहिला रिपोर्ट. लॅबचा तासाभराने आला. मला काळी म्हणणाऱ्या बाईला मी स्वतःच्या हाताने पेढा भरवला, तो आयुष्यात तेवढा एकदाच!