गायके मामांनी पाणी प्यायला सुरुवात केली

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये, पाण्याच्या दिवशी सकाळी, महानगरपालिकेचे लाइनमन कडुबा गायके सिडकोतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व्हच्या चेंबरजवळ उकिडवे बसले आणि त्यांना उठता आलं नाही. लोखंडी चावी व्हॉल्व्हवर चढवलेली होती. दोन्ही हात तिच्या आडव्या दांडीवर होते. चेहरा घामानं भिजला होता, ओठ पांढरे पडले होते. जमलेल्यांना ऊन लागलं असं वाटलं. ऊन अजून गच्चीवरून खाली उतरलं नव्हतं.

"वॉल जाम झालाय," मामा म्हणाले. पहिल्या घरातल्या सुमनबाई जाधवांनी दांडीचं दुसरं टोक धरलं आणि चावी सहज फिरली. पाणी सुटलं. मामा दांडीचा आधार घेत, मध्ये एकदा थांबून, उभे राहिले. गल्लीतले लोक पाणी ओढायच्या मोटारी लावायला घरात पळाले. सुमनबाई तिथंच थांबल्या.

या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. कधी पाचव्या दिवशी येतं, कधी आठव्या. पैठणहून निघालेलं पाणी टाकीत पडतं आणि टाकीतून कोणत्या गल्लीला कधी, किती वेळ मिळणार हे लाइनमनच्या चावीवर ठरतं. गायके मामांच्या लाइनवर सात गल्ल्या होत्या. मूळ गाव कन्नड तालुक्यातलं पिशोर. तिथं थोडी शेती, भाऊ करतो. वय पन्नाशीच्या पुढं. अंगात खाकी शर्ट, पायात टायरच्या चपला, स्कूटरला आडवी बांधलेली चावी. बोलणं कमी. कुणी जास्त पाणी मागितलं तर उत्तर ठरलेलं होतं: "नळावर नाव नाय लिवलेलं, ताई. गल्ली बघून सोडतो."

त्यांची एक सवय सगळ्या लाइनला माहीत होती. मामा ड्युटीवर पाणी पीत नसत. कुणाच्याही घरचं नाही, अगदी मे महिन्यातही नाही. याला कारण होतं. लाइनवर आल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी तिसऱ्या गल्लीत एका घरी चहा घेतला. त्या दिवशी तिसऱ्या गल्लीला दाब बरा मिळाला. संध्याकाळपर्यंत चहाची बातमी नगरसेवकाकडं पोचली होती. त्यानंतर मामांनी नियम केला. "ज्याच्या घरचा घोट घेतला, त्याच्याकडं चावी जास्त फिरती, असं लोक म्हणणार. मग घोटच नको."

स्वतःची बाटली का ठेवत नाही, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "लोकांच्या नळातून नुसता वारा येतोय, अन् मी त्यांच्यासमोर बाटली तोंडाला लावू? नजरेला बरं नाय दिसत." मग दुसरं कारणही सांगितलं: पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, आणि लाइनवर जायला जागा नाही. कुणाचं तरी दार वाजवावं लागणार. तो त्यांना चहापेक्षा मोठा उपकार वाटत होता. पहाटे घर सोडल्यापासून दुपारी परत जाईपर्यंत त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब जात नसे. हे अनेक वर्षं चाललं.

दुखणं त्या एप्रिलच्या आधीच्या हिवाळ्यात सुरू झालं होतं. त्यांच्या पत्नी चंद्रकलाबाईंनी नंतर सांगितलेली हकिगत अशी. मामांना मलावरोध जुनाच होता. एके दिवशी शौचाला जाऊन आल्यावर ते भिंतीला हात लावून उभे राहिले आणि बराच वेळ तसेच राहिले. काचेचा तुकडा चिरत गेल्यासारखं वाटलं, एवढंच बोलले. रक्ताची लाल रेघ दिसली होती, ती सांगितली नाही. पुढं हे रोजचं झालं. वेदना शौचाच्या वेळी कमी आणि नंतर जास्त. तास-दोन तास आतून पिळवटत राहायची. शौचाला जायचीच भीती बसली. मग त्यांनी उपाय काढला. जेवणच कमी केलं.

आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवार. उपासाला साबुदाण्याची खिचडी. घरात समज झाला की मामा देवाला लागले. चंद्रकलाबाईंनी शेजारणींना कौतुकानं सांगितलंसुद्धा. "मला काय ठाव," त्या म्हणाल्या, "मला वाटलं, म्हातारपणी अक्कल आली."

लाइनवर बदल दिसत होता, पण कुणी त्याचा अर्थ लावला नाही. मामा स्कूटर चालवताना खड्डा आला की सीटवरून उठायचे. पुढं पुढं खड्डा नसतानाही उभ्यानंच चालवू लागले. पाचव्या गल्लीतले लोक त्यांना बघून सलाम ठोकायचे आणि मिरवणूक निघाली म्हणायचे. मामाही हात वर करायचे. वरिष्ठ अभियंत्यांच्या कानावर गेलं की गायकेंना चेंबरजवळ बसता येत नाही. त्यांनी चांगल्या मनानं लाइन बदलायचं ठरवलं आणि तक्रार नोंदवायच्या फोनवर बसायचं काम देऊ केलं. मामा म्हणाले, "साहेब, बसायचंच तर दुखणं हाय." साहेबांना ते पाय दुखण्याबद्दल वाटलं. त्यांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली.

मामांना लाइन सोडायची नव्हती. म्हणून त्यांनी क्रांती चौकाकडं जाताना भिंतीवर रंगवलेल्या एका जाहिरातीतला दवाखाना गाठला. तिथल्या माणसानं न तपासता मूळव्याध सांगितली, पुडी दिली आणि रविवारी येऊन जाळून घ्यायला सांगितलं. मामांनी रविवार नक्की केला होता. व्हॉल्व्हजवळ ते अडकले तो दिवस त्याच आठवड्यातला.

पाणी सुटून गेल्यावर सुमनबाईंनी त्यांना दाराशी बोलावलं. त्यांचं पाणी भरून झालं होतं. आवाज हळू करायची त्यांना सवय नव्हती.

"मामा, कुठं दुखतंय ते मला कळालंय. माझ्या धाकटीच्या बाळंतपणात मला हेच झालं व्हतं."

मामा जमिनीकडं बघत म्हणाले, "काय नाय बाई. उष्णता हाय."

"उष्णता नाय, चीर हाय. संडासला जाऊन आलं की भिंत धरून उभं राहता का नाय?"

मामांनी मान वर केली. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कोण बोललं?"

समोरच्या दोन घरांच्या गॅलरीत माणसं उभी होती. सुमनबाईंनी वर बघून त्यांना आपापल्या टाक्या बघायला सांगितलं. मामांनी मग पुडीचं आणि रविवारचं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या की रविवारी कुठं जाळायला गेलात तर गल्लीतली चावी मी काढून घेईन. दुसऱ्या दिवशी रिक्षात त्या, चंद्रकलाबाई आणि मामा असे तिघं सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीत गेले. मामा रिक्षात एका बाजूवर, दांडीला लटकून बसले होते.

डॉक्टर नसरीन नावाच्या सर्जन होत्या. मामांनी आत जाताच आपल्याला मूळव्याध असल्याचं सांगितलं.

"कोण बोला मूळव्याध?"

"सगळेच म्हणतेत."

"सगळ्यांनी बघितली का, मामा?"

त्यांनी तपासलं. मूळव्याध नव्हती. गुदद्वाराच्या कडेला, मागच्या बाजूला चीर होती. डॉक्टर तिला फिशर म्हणतात. कोरडा, कडक मल जाताना कातडी फाटते. दुखलं की आतला स्नायू आवळतो, आवळला की तिथं रक्त कमी पोचतं आणि चीर भरत नाही. माणूस भीतीनं शौच रोखतो, कमी खातो, मल आणखी कडक होतो आणि तीच जागा पुन्हा फाटते. हे डॉक्टरांनी टेबलावरच्या कागदावर गोल काढून समजावलं. मग विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता? मामांनी खरं सांगितलं. काम काय करता? तेही सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि पाण्याचा प्रश्न पुन्हा विचारला.

उपचार साधा होता. पाणी भरपूर. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, रात्री इसबगोल; मल मऊ करणारं औषध. आवळलेला स्नायू ढिला पडावा म्हणून मलम, त्यानं डोकं दुखू शकतं. शौचाहून आल्यावर आणि आणखी एक-दोनदा कोमट पाण्याच्या टबात बसायचं. जोर लावायचा नाही, आलेलं शौच रोखायचं नाही. सहा ते आठ आठवडे. त्यानं भरलं नाही तर छोटी शस्त्रक्रिया. पण आधी नाही. रविवारच्या जाळण्याबद्दल चंद्रकलाबाईंनी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "जखम पे जखम पाहिजे असेल तर जा."

मामांना पहिली अडचण टबाची वाटली. त्यांच्या स्वतःच्या घरीही पाणी इतरांसारखंच, दिवसांच्या अंतरानं यायचं. टबभर पाण्यात नुसतं बसायचं आणि ते ओतून द्यायचं, हे त्यांना पटेना. "एवढ्यात घरची भांडी निघतेत," ते म्हणत. चंद्रकलाबाईंनी टबाचं पाणी संडासाच्या बादलीत टाकायला सुरुवात केली आणि विषय संपवला. "पाण्याचं मी बघते. तुमी नुसतं बसा. आयुष्यात पहिल्यांदा बसायचं काम मिळालंय." दुपारचा टब टाकीवरच्या चौकीदाराच्या खोलीत ठेवला गेला. तिथं पाणी तापवायला शेगडी होती.

दुसरी अडचण नियमाची. पाणी प्यायचं तर कुणाचं प्यायचं? मामांनी त्यावर एक आठवडा विचार केला आणि तोडगा काढला. प्रत्येक गल्लीत एक ग्लास. कुणाच्या दारात, तेही पाळीनं, घर नंबराप्रमाणे. सात गल्ल्या, सात ग्लास, म्हणजे कुणाचा उपकार कुणाहून जास्त नाही. त्यांनी हे पाण्याच्या दिवशी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी उभं राहून सांगितलं आणि कारणही सांगितलं. पहिल्या गल्लीत सांगताना आवाज बसला होता. सातव्या गल्लीत नव्हता.

लोक आधी हसले. मग ग्लास आले. दुसऱ्या गल्लीनं लिंबू-सरबत आणलं; मामांनी परत केलं. सहाव्या गल्लीचं ताकही परत गेलं. "नुसतं पाणी. साखर घातली की भांडण लागतं." चौथ्या गल्लीच्या बुद्धविहाराच्या समितीनं मागच्या स्वच्छतागृहाची किल्ली त्यांच्याकडं दिली. ती त्यांनी व्हॉल्व्हच्या चावीलाच बांधली.

तिसऱ्या आठवड्यात दुखणं बरंच उतरलं. पिशोरला भावाच्या नातवाचं जावळ होतं. मामा एसटीनं गेले, बसून गेले, आणि तिथं मटणाचा रस्सा, ठेचा, सगळं खाल्लं. औषध आणि इसबगोल घरीच ठेवलं होतं. परत आल्यावर दोन दिवसांनी पुन्हा भिंत धरली. ओपीडीत डॉक्टर नसरीन यांनी विचारलं, औषध कुणी बंद केलं? मामा म्हणाले, "दुखायचं थांबलं, म्हणून मीच." डॉक्टरांनी सांगितलं की दुखायचं आधी थांबतं, भरायला नंतरही वेळ लागतो, आता गिनती पहिल्यापासून. चंद्रकलाबाईंनी पुढचे दोन महिने घरात हिरवी मिरची आणली नाही. त्यांनी स्वतःही खाल्ली नाही. त्याबद्दल त्या मामांना रोज एकदा ऐकवत.

दरम्यान मुदतीचा महिना संपला. अभियंत्यांनी मामांना बोलावलं. या वेळी मामांनी पाय दुखत नसून काय दुखतं ते सांगितलं. साहेबांनी दार लावून घेतलं आणि ऐकलं. लाइन बदलायचा कागद त्यांनी पुढं पाठवला नाही. फक्त डॉक्टरांची चिठ्ठी आणून द्यायला सांगितलं.

जुलैत शेवटची तपासणी झाली. चीर भरली होती, शस्त्रक्रियेची गरज नव्हती. डॉक्टर नसरीन म्हणाल्या, "अब येऊ नका, मामा. पाणी मात्र सोडायचं नाही." मामांनी होय म्हटलं आणि मग स्पष्ट करून घेतलं की प्यायचं सोडायचं नाही, असंच ना. तोवर बाहेरच्या बाकावर चंद्रकलाबाई आणि सुमनबाई वाट बघत होत्या. मामा बाहेर आले, दोघींच्या मधल्या जागेत टेकले आणि म्हणाले, "जरा बसतो." तिघं बराच वेळ तिथं बसून होते. नर्सनं येऊन पेशंटसाठी बाक मोकळा करायला सांगितला, तेव्हा उठले.

त्यानंतरच्या पाण्याच्या दिवशी मामांनी आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह उकिडवं बसून, एकट्यानं उघडला. पाचव्या गल्लीनं स्कूटरवर बसून आलेल्या मामांना पुन्हा सलाम ठोकला. या वेळी त्यांनी स्कूटर थांबवली, उतरले, पुन्हा बसले आणि गेले.

लाइनमन सकाळी टाकीच्या आवारात जमतात आणि तिथून आपापल्या भागात जातात. ऑगस्टमधल्या एका सकाळी मामांनी सगळ्यांना थांबवलं. मी वार्तांकनाच्या निमित्तानं तिथं हजर होतो. मामा म्हणाले, "मी आता बोलणार हाय, त्याला हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या." काही जण हसले. ते थांबल्यावर मामा पुढं बोलले.

"मला संडासच्या जागी चीर पडली व्हती. आपण सगळे दिवसभर पाणी पीत नाय, म्हणून पडती. जागा लाजेची हाय म्हणून मी चार महिने लपवली. जागा सगळ्यांनाच दिलेली हाय. लई दुखतं. मलमानं अन् पाण्यानं बरी होती. रक्त दिसलं तर आधी डॉक्टरला दाखवायचं, मग दुखण्याला नाव द्यायचं. कुणाला असंल तर नाव सांगू नका. नुसतं माझ्या स्कूटरपाशी या."

सगळे आपापल्या लाइनवर गेले. दोघं जण चाव्या बांधायला उशीर लावत मागं राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत तिघं लाइनमन उभे होते. कडुबा गायके सगळ्यात पुढं होते. त्यांना स्वतःला दाखवायचं नव्हतं.