मावशी आणि वरच्या मजल्यावरचा आवाज

माझ्या चारकोपच्या मावशीइतकी भित्री बाई अख्ख्या मुंबईत नसेल, आणि भुताचे जुने सिनेमे तिच्याइतके कुणी पाहिलेही नसतील. पाल चुकचुकली तरी ती रामनाम घेते. पण रविवारी दुपारी जेवणं उरकली की पडदे ओढायचे, किंचाळ्या नीट ऐकू याव्यात म्हणून पंखा बंद करायचा, खालून कुणी ओढू नये म्हणून पाय सोफ्यावर घ्यायचे आणि सोबतीला बोरिवलीहून मला बोलावून एखादा कृष्णधवल इंग्रजी सिनेमा लावायचा. इंग्रजी तिला येत नाही. तरी ती नायिकेला मालवणीत बजावत असते, "अगो, थंय जाव नको." नायिका हमखास जाते, आणि मावशी माझ्यावर चिडते.

त्या रविवारी नायिका मेणबत्ती घेऊन गढीतल्या बंद खोलीकडे निघाली होती, तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. मावशीने माझं मनगट धरलं.

"सिनेमातलाच आहे गं," मी म्हटलं.

तिने टीव्ही बंद केला. आवाज पुन्हा आला, छतावरून काहीतरी घासत न्यावं तसा. वरच्या घरात एक निवृत्त शिक्षिका एकट्याच राहायच्या. मावशीने त्यांना फोन लावला. तो वर वाजत राहिलेला आम्हाला खाली ऐकू येत होता.

"वॉचमनला बोलवू या," मी म्हणाले.

"तो येईस्तोवर काय बसान ऱ्हवायचा?" वरच्या घराची जादा चावी मावशीकडे असायची. ती घेऊन रामनाम पुटपुटत ती जिना चढली. दार उघडलं तर पडदे ओढलेले, आत काळोख, आणि कुठेतरी नळ वाहत होता. मी उंबऱ्यातच थिजले. मावशी आत गेली.

"ये गो, टीचर पडल्यात."

बाथरूमच्या दारात पडलेल्या टीचर कुणाला तरी ऐकू जावं म्हणून बादली फरशीवर घासत होत्या. त्यांना उठवता येईना. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत मावशी ओल्या फरशीवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि त्यांची शुद्ध हरपू नये म्हणून त्यांना सिनेमाची गोष्ट सांगत राहिली, बरीचशी चुकीची.

"पुढे?" टीचरनी डोळे मिटूनच विचारलं.

"पुढचा आमी खंय बघलाव? तुम्ही पडलास ना."

टीचर किंचित हसल्या.

खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. मग त्यांची लेक त्यांना नाशिकला घेऊन गेली. तो सिनेमा आम्ही अजून पुरा केलेला नाही. "टीचर येऊं देत," मावशी म्हणते. वरच्या दारावर लागलेली विक्रीची पाटी तिनेही पाहिली आहे. मी दुसरा सिनेमा लावते.