पाहुणे उठेपर्यंत

"माझ्या मयतीला येऊ नगंस," असं सुनंदाआक्कांनी मला तोंडावर सांगितलं होतं.

आज पहाटे आक्का गेल्या. आणि मी गेलेच.

माझं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कॅन्सरचे पेशंट घरी गेल्यावर एकटे पडू नयेत म्हणून आमची साताऱ्याची छोटी रिसर्च टीम एक मोबाइल ॲप चालवते. रोज सकाळी ॲप विचारतं, झोप झाली का, ताप आहे का, मन कसं आहे. पेशंटने हिरवं, पिवळं नाहीतर लाल बटण दाबायचं. वाटलं तर बोलून पाठवायचं. लाल आलं की मी फोन करते.

आक्का कोरेगावच्या पुढच्या एका गावातल्या. मालक मिलिटरीत, पोस्टिंग लांब. घरात त्या आणि लेक पूनम. छातीत गाठ निघाली, केमो सुरू झाली, तरी गावात कुणाला पत्ता नव्हता. सख्ख्या दिरालासुद्धा नाही. मणक्याच्या दुखण्याचं निमित्त सांगून साताऱ्याला यायच्या. केस गेले, तर डोक्यावर पदर होताच.

नाव नोंदवतानाच त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, गावात कळता कामा नये. मी दिलं. आमच्या कामाचा तो नियमच आहे.

एका रविवारी त्यांनी हिरवं बटण दाबलं. सोबत आवाज पाठवला, "समदं ब्येस हाय."

दात वाजत होते त्यांचे. मला स्पष्ट ऐकू आलं.

मी लगेच फोन लावला.

"आक्का, ताप किती?"

"कणकण हाय जराशी. गोळी घेतलीया. ठेव आता, पाव्हणं येणार हायती."

पूनमला बघायला उंब्रजचे पाहुणे येणार होते.

केमोनंतर अंगातली रोगाशी लढायची ताकद पार तळाला गेलेली असते. तेव्हा ताप आला तर तो अंगावर काढायचा नसतो. माणूस संध्याकाळपर्यंत हातचं जातं.

आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "गाडी घेऊन जा, त्यांना आण. पण गावात एक शब्द बोलू नकोस."

बोलायचं नाही आणि आणायचं मात्र आहे. वा!

गाडीवर प्रोजेक्टचं नाव भल्या मोठ्या अक्षरांत. ती एसटी स्टँडजवळ उभी केली आणि चालत जाऊन मागच्या दारानं घरात शिरले.

पाहुणे येऊन बसले होते. आक्का गॅससमोर पोहे परतत होत्या. चेहरा लालबुंद. हाताला हात लावला, चटका बसला.

"आक्का, चला."

"पाव्हणं उठू देत. मग कुठं न्ह्यायचं तिथं न्हे."

"कधी उठणार ते?"

"अजून पोरगी बघितली न्हाई त्यांनी."

मला रडू यायला लागलं, रागानं.

"आक्का, जिवावर बेतेल."

"बेतू दे. आईला झालं म्हंजी लेकीलाबी व्हनार, आसं म्हणत्यात लोक. हे कळलं तर तिला कोण करंल गं? तू मला वचन दिलंयस."

बाहेरून दिरांचा, म्हणजे बापूकाकांचा आवाज आला, "वैनी, चहा येऊ द्या."

आक्कांनी ट्रे उचलला. कपबशा खडखडायला लागल्या. त्यांनी एका हातानं ओटा धरला.

पूनम साडी नेसून दारात उभी होती. तिनं आईच्या हातातून ट्रे घेतला आणि बाहेर गेली. मला वाटलं, संपलं. आता प्रश्नोत्तरं, मग पोहे, मग फोटो.

आतून मला सगळं ऐकू येत होतं.

"नाव काय बाळ तुझं?"

"पूनम. माझ्या आईला कॅन्सर हाय. आत्ता तिला ताप चढलाय, लगेच दवाखान्यात न्ह्यायचंय. तुमी चहा घ्या, आमी निघतो."

बाहेर कुणीतरी कप खाली ठेवला.

मुलाचे वडील म्हणाले, "कळवतो आमी."

"कळवतो" म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

गाडीत आक्कांनी काचेला डोकं टेकलं. लेकीला एक अक्षर बोलल्या नाहीत. सगळं माझ्यावर काढलं.

"पोरीचं वाटुळं केलंस. माझ्या मयतीला येऊ नगंस."

मी एक शब्द बोलले नव्हते, हो! पण तेव्हा हे कुणाला सांगणार?

कॅज्युअल्टीत बीपी लागेना. डॉक्टर माझ्यावरच ओरडले, "इतका उशीर?" आयसीयूच्या दाराशी पूनम आणि मी नुसत्या बसून होतो. ती एकदाच म्हणाली, "आई वाचली न्हाई तर मी उगाच बोलले असं हुईल का?"



आक्का वाचल्या.

पण ॲपला उत्तर देईनात. रोज सकाळी त्यांच्या नावापुढे कोरं. मी फोन करायचे, पूनम उचलायची, "झोपलीया" म्हणायची. झोपलेल्या नसायच्या.

मग एका सकाळी "आज मन कसं आहे?" ला आवाज आला, "मनाला काय धाड भरलीया?"

मी ऑफिसमध्ये टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर दोन दिवाळ्या त्यांनी पाहिल्या. दुसऱ्या दिवाळीला मला फराळाला बोलावलं. माझ्या ताटात चकली वाढता वाढता म्हणाल्या, "तवा लय राग आला हुता. पर माझी पोरगी चार माणसांत इतकी खणखणीत बोलती, मला ठावंच नव्हतं गं."

नंतर आजार फुप्फुसात गेला.

आज अंगणात बापूकाका गावाच्या ग्रुपवर टाकायचा मजकूर मोबाइलवर लिहीत होते. लिहिलेलं मोठ्यानं वाचलं, "अल्पशा आजाराने दुःखद निधन."

आईच्या उशाशी बसलेली पूनम म्हणाली, "काका, अल्पशा न्हाई. कॅन्सर लिवा."

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं.

"पोरी, अजून तुझं लगीन व्हायचंय."

"व्हय. लिवा."

काकांनी एका बोटानं एकेक अक्षर पुसलं. आणि एका बोटानं ते लिहिलं.

थोड्या वेळानं अंगणातल्या सगळ्यांचे फोन वाजले.

आक्का, मनापासून नमस्कार. सुखानं जावा.